एका सौद्याच्या दोन पट्ट्या

फेब्रुवारी लागला की सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक वाढत जाते. अशाच एका हंगामाच्या तोंडावर आम्ही तिघांनी शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या एका अडत दुकानासाठी वेब ॲप बनवलं. मालाची आवक, सौदा, वजन, शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद), सगळं मोबाइलवर. दिसायला देखणं होतं. पान न हलता आकडे बदलायचे, नाव टाइप करता करता गावासकट शेतकरी समोर यायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून फोन आला. एकाच मालाच्या, एकाच शेतकऱ्याच्या नावाने दोन पट्ट्या निघाल्या होत्या.

झालं असं की पत्र्याच्या शेडखाली नेटवर्क लंगडत होतं. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजींनी ‘पट्टी करा’ दाबलं, गोल चाक फिरत बसलं, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं. दोन्ही निरोप सर्व्हरला पोचले आणि सर्व्हरने इमानेइतबारे दोन पट्ट्या केल्या. आम्ही तासाभरात इलाज केला: एकदा दाबलं की बटण करडं पडेल, दुसऱ्यांदा दाबताच येणार नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी बटण करडं होऊन तसंच राहिलं, दिवाणजींनी कंटाळून पान बंद केलं, नव्याने उघडलं आणि पट्टी पुन्हा केली.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आम्ही बटण दुरुस्त करत होतो आणि चूक बटणात नव्हतीच. पट्टी म्हणजे नेमकं काय, ती कधी जन्माला येते, कधी येऊच शकत नाही, हे आम्ही तिघांनी कधी ठरवलंच नव्हतं. प्रत्येकाच्या डोक्यात आपापली पट्टी होती.

हा लेख त्या न ठरवलेल्या गोष्टींबद्दल आहे. त्या ठरवण्याला आमच्या धंद्यात ‘मॉडेलिंग’ म्हणतात. शब्द भारी आहे, काम कागद-पेन्सिलीचं.

आधी हा घोळ जुन्या वेबसाइटवर एवढा का नव्हता ते बघू. पूर्वी ब्राउझर म्हणजे नुसती खिडकी होती. फॉर्म भरला, पाठवला, सर्व्हरने हिशेब करून अख्खं नवं पान धाडलं. खरी माहिती एकाच ठिकाणी, सर्व्हरवर. दोनदा दाबण्याची भानगड तेव्हाही व्हायची, पण पडदा स्वतःहून काही लक्षात ठेवत नसल्यामुळे घोळ घालायला जागा कमी होती. मग १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक सोय दिली: पान तसंच ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलायची. ती मुळात त्यांच्या ब्राउझरमधल्या ईमेलसाठी हवी होती. २००२ मध्ये मॅक्रोमीडिया कंपनीने ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ असा शब्दप्रयोग रूढ केला, डोळ्यांसमोर अर्थातच ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणारं त्यांचं फ्लॅश होतं. २००४ मध्ये जीमेल आलं, पुढच्या वर्षी गूगल मॅप्स, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट या अमेरिकन डिझायनरने या सगळ्या तंत्राला ‘एजॅक्स’ असं नाव दिलं. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस, मॅक्रोमीडियाला विकत घेतलेल्या अडोबीने कायमचा काढून घेतला, पण ती पद्धत आता सगळीकडे आहे. आज ब्राउझर ही खिडकी राहिलेली नाही, ते दुसरं दुकान आहे. त्यालाही स्वतःची वही आहे. आणि दोन वह्या आल्या की त्या जुळायला हव्यात, हे यार्डातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आम्हाला मात्र लागलं.

दुसऱ्यांदा घोळ झाल्यावर आम्ही लॅपटॉप घरी ठेवून दुकानात जाऊन बसलो. दिवाणजी चाळीसेक वर्षं याच कामात. आमचा पहिला प्रश्न होता, विक्री झाली की पुढे काय होतं? ते म्हणाले, “विक्री म्हणजे काय? सौदा म्हणताय का पट्टी?”

आमच्या कोडमध्ये सगळीकडे ‘विक्री’ होतं. दुकानात तो शब्दच नव्हता. सौदा म्हणजे भाव ठरला. माल अजून काट्यावर चढायचाय. पट्टी म्हणजे वजन होऊन, अडत, हमाली, तोलाई नियमाप्रमाणे धरून शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेब. या दोन्हींना आम्ही एकच नाव दिलं होतं, म्हणून कोडमध्ये एक जण सौद्यालाच पट्टी समजून चालला होता. सॉफ्टवेअर रचनेवर लिहिणाऱ्या एरिक एव्हान्स यांनी २००३ मध्ये हा मुद्दा आमच्या क्षेत्रात ठासून मांडला: धंद्यातली माणसं जो शब्द वापरतात तोच बैठकीत, तोच आकृतीत आणि तोच कोडमध्ये. मला हा नियम बाकी सगळ्या आकृत्यांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याला काही खर्चही नाही.

मग वह्यांमधली नाती. शेतकरी, लॉट (एका भावाने एकत्र विकला जाणारा माल), सौदा, वजन, पट्टी असे चौकोन काढायचे आणि त्यांच्यामधे रेघा: एकाला किती? ही रीत संगणकशास्त्रज्ञ पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली, आजही डेटाबेसच्या पहिल्या तासाला शिकवतात. आम्ही कॉलेजात तिच्यावर मार्क मिळवले होते आणि विसरलो होतो. आम्ही धरलं होतं की एक लॉट, एक पट्टी. दिवाणजी हसले. शेतकरी हळकुंड आणतो, गड्डा आणतो, कणी आणतो. तिन्हींचा भाव वेगळा, तीन लॉट, तीन सौदे. पट्टी मात्र एकच. म्हणजे आमचं ॲप त्यांना एका शेतकऱ्यामागे तीन पट्ट्या करायला लावत होतं आणि ते बिचारे बेरीज हाताने करून खाली पेनाने लिहीत होते. तक्रारही केली नव्हती. त्यांना वाटलं, कॉम्प्युटरचं असंच असतं.

आता खरा गाभा. कोडमध्ये एका लॉटवर आम्ही पाच खुणा ठेवल्या होत्या: सौदा झाला, वजन झालं, पट्टी झाली, पैसे दिले, माल राखून ठेवला. प्रत्येक खूण हो किंवा नाही. ही अगदी सवयीची पद्धत आहे आणि निरुपद्रवी वाटते. पण पाच हो-नाही म्हणजे दोन गुणिले दोन असं पाच वेळा, बत्तीस प्रकार. त्यातले खरे किती? कागदावर मांडले तेव्हा सहा निघाले: आवक नोंदली, माल राखून ठेवला, सौदा ठरला, वजन झालं, पट्टी पक्की, रक्कम दिली. उरलेले सव्वीस प्रकार म्हणजे ‘पैसे दिले पण वजन झालं नाही’ अशा भुताटकीच्या अवस्था. प्रत्यक्षात त्या नाहीत, पण आमच्या कोडमध्ये त्यांना दार उघडं होतं. आणि एक भूत शिरलंही होतं. शेतकऱ्याने हंगामाआधी घेतलेली उचल नोंदवली की ‘पैसे दिले’ या खुणेला ‘हो’ लागायचं. उचल ही वेगळी खतावणी, पट्टीची रक्कम वेगळी. दिवाणजींच्या डोक्यात हा गोंधळ कधीच झाला नसता.

खुणांऐवजी एकच रकाना ठेवायचा, ‘अवस्था’, आणि त्यात सहापैकी एकच नाव. मग एका अवस्थेतून दुसरीत जाणारे बाण काढायचे. आवकेतून सौद्याकडे. भाव पटला नाही तर आवकेतून राखून ठेवण्याकडे, आणि बाजार चढला की तिथून परत आवकेकडे. सौद्यातून वजनाकडे, सौदा मोडला तर पुन्हा आवकेकडे. वजनातून पट्टीकडे, पट्टीतून रकमेकडे. सात बाण. जिथे बाण नाही तिथे वाट नाही. सौद्यातून थेट पट्टीकडे बाण नाही, म्हणजे कुठल्याही पडद्यावरून, कुणीही, कितीही वेळा बटण दाबलं तरी वजनाशिवाय पट्टी होणार नाही.

हे आमचं संशोधन नव्हे. इस्रायलचे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल १९८० च्या दशकात लढाऊ विमानाच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या इंजिनिअरांबरोबर सल्लागार म्हणून बसत. जाडजूड कागदपत्रं होती, तरी अमुक परिस्थितीत अमुक बटण दाबलं तर काय होईल याचं उत्तर पटकन मिळत नसे. त्यातून त्यांनी अवस्थांच्या आकृत्यांची एक पद्धत बसवली आणि १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली. चौकोनात चौकोन, बाजूबाजूला चालणाऱ्या अवस्था, हे सगळं त्यात आहे. पुढे १९९७ मध्ये यूएमएल नावाची आकृत्यांची प्रमाण भाषा आली, तिच्यात ही पद्धत सामावली गेली. विमानाचं बटण आणि यार्डातलं ‘पट्टी करा’ यांच्यात जोखमीचा फरक आहे, प्रश्नाचा नाही.

पण एवढ्याने दोन पट्ट्यांचं कोडं सुटत नाही. कारण ही मालाची अवस्था झाली. पडद्याची अवस्था वेगळी असते, आणि या दोन्ही एकात मिसळणं ही देखण्या वेब ॲपांमधली सगळ्यात सर्रास चूक आहे. आम्हीही पडद्याच्या चारच अवस्था धरल्या होत्या: भरतोय, पाठवतोय, झालं, नाकारलं. पाचवी सुटली होती. ती म्हणजे ‘माहीत नाही’.

जरा थांबून विचार करा. निरोप गेला, उत्तर आलं नाही. याचा अर्थ निरोप पोचलाच नाही असा होऊ शकतो. किंवा पोचला, पट्टी झाली, आणि ‘झाली’ हा परतीचा निरोप वाटेत हरवला असाही होऊ शकतो. ब्राउझरच्या बाजूने या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्याच दिसतात. कितीही हुशार प्रोग्रामर असला तरी त्याला पडद्यामागे बसून हे ओळखता येत नाही. म्हणून ‘चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहिणं हे धडधडीत खोटं असतं. चूक झालीय की नाही, हेच ठाऊक नसतं. बटण करडं करणं म्हणजे या अवस्थेवर चादर टाकणं.

यावरचा तोडगा दिवाणजींच्या टेबलावर पडला होता. कार्बन घालून लिहायचं पट्टीबुक. प्रत्येक पानावर नंबर आधीच छापलेला. पट्टी लिहायच्या आधी नंबर ठरलेला असतो. तेच पान पुन्हा समोर आलं तर ती नवी पट्टी होत नाही, ती तीच पट्टी. आम्ही उलटं केलं होतं: निरोप आल्यावर सर्व्हर नंबर द्यायचा, म्हणून दोन निरोपांना दोन नंबर. आता पट्टीचा फॉर्म उघडतानाच ब्राउझर एक खास नंबर घेतो आणि फोनच्या स्वतःच्या साठ्यात जपून ठेवतो. पाठवताना तो सोबत जातो. सर्व्हर बघतो, हा नंबर आधी आलाय का? आला असेल तर नवी पट्टी न करता जुनीच परत दाखवतो. मग दिवाणजींनी दहा वेळा दाबो, पान बंद करून उघडो, पट्टी एकच. ‘माहीत नाही’ ही अवस्था जात नाही, ती जाणारच नाही, पण तिच्यातून पुन्हा विचारणं निर्धोक होतं. पैशांचे व्यवहार करणाऱ्या यंत्रणा हीच युक्ती वापरतात.

दोन माणसांनी एकच लॉट एकाच वेळी दुरुस्त केला तर? त्यासाठी प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक. तुम्ही सातवी आवृत्ती बघून बदल पाठवलात आणि तोवर दुसऱ्याने आठवी केली असेल, तर सर्व्हर सांगतो, आधी नवी बघा. एवढंच.

पैशांवर मात्र थोडं रेंगाळतो, कारण यात आम्ही नशिबाने वाचलो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. ही त्या भाषेची खोड नाही. संगणक अपूर्णांक अर्धा, पाव, अष्टमांश अशा तुकड्यांच्या बेरजेत साठवतो आणि आपला एक दशांश त्यात नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात कधी संपत नाही. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवायची. समजा माल ६१२.५ किलो आणि भाव क्विंटलला १४,३५० रुपये. हिशेब ८७,८९३ रुपये ७५ पैसे. आता पट्टी पूर्ण रुपयात बंद करायची तर हे पंचाहत्तर पैसे वर जाणार की सुटणार? प्रत्येक लॉटची रक्कम पूर्ण रुपयात आणायची की तिन्ही लॉटची बेरीज झाल्यावर एकदाच? दोन्ही प्रकारे उत्तर वेगळं येऊ शकतं. हे प्रोग्रामरने ठरवायचं नसतं, पण विचारलं नाही तर तोच ठरवतो, न कळत, रात्री अकरा वाजता. शिवाय हाच हिशेब ब्राउझरमध्ये झटपट दाखवण्यासाठी एकदा आणि सर्व्हरवर पक्का करण्यासाठी एकदा, असा दोनदा होतो. नियम दोन जागी वेगळे लिहिले तर पडद्यावर एक रक्कम आणि छापलेल्या पट्टीवर दुसरी. सर्व्हरचा आकडा खरा, पडद्याचा अंदाज, हे आधीच ठरलेलं बरं.

आता शिस्तीबद्दल. हा शब्द काढला की आमच्या पोरांना शाळेची घंटा ऐकू येते. सॉफ्टवेअरमध्ये शिस्त म्हणजे आधी सगळं लिहून काढा, मग सगळं बांधा, मग तपासा, असा समज आहे. त्याला ‘वॉटरफॉल’ म्हणतात आणि त्याचं खापर अमेरिकन संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधावर फोडलं जातं. गंमत म्हणजे त्याच निबंधात रॉइस यांनी ती सरळसोट पायऱ्यांची आकृती काढून लगेच बजावलंय की असं करणं जोखमीचं आहे. लोकांनी आकृती घेतली, पुढची पानं सोडली. दुसऱ्या टोकाला २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी लिहिलेला ‘अजाईल’ (म्हणजे चपळ) जाहीरनामा. त्यात म्हटलंय की जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं. त्याखालीच हेही लिहिलंय की कागदपत्रांनाही मोल आहे. ते वाक्य मात्र फारसं कुणाला आठवत नाही. आम्हीही ‘आम्ही अजाईल आहोत’ म्हणायचो, म्हणजे काहीही लिहून ठेवत नव्हतो.

आमची आताची रीत साधी आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या खोलीत भिंतीवर एक मोठा कागद आहे, सहा चौकोन आणि बाण असलेला. दुकानातून कुठलाही बदल आला की आधी तो कागदावर उतरतो. शब्द नवा असेल तर त्याचा अर्थ एका ओळीत, दिवाणजींच्या तोंडचा. कागदावर बसला नाही तर कोडला हात नाही. बसला की आधी चाचणी लिहायची, मग कोड. चाचण्यांची यादीही कागदच देतो: सहा चौकोनांतून एकातून दुसऱ्यात जायच्या वाटा तीस. त्यातल्या सात उघड्या, तेवीस बंद. उघड्या उघडतात का हे सगळेच तपासतात. बंद वाटा बंद आहेत का हे तपासण्यातच खरा फायदा आहे, कारण गिऱ्हाईक घाईत असताना नेमका तिथूनच जातो. कागदाचा फोटो कोडसोबतच साठवतो, म्हणजे कुठल्या तारखेला कुठला बाण आला हे सहा महिन्यांनी सापडतं.

याचा अतिरेकही होतो. मी अशा प्रकल्पात काम केलंय जिथे आकृत्यांची फाइल कोडपेक्षा जाड होती आणि दोन महिन्यांत शिळी झाली. वेब ॲपसाठी खास आकृत्यांच्या भाषाही आहेत. मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या वेबएमएल या कामातून आयएफएमएल निघाली आणि २०१३ मध्ये ओएमजी या प्रमाणसंस्थेने ती स्वीकारली. आमच्या ओळखीत ती रोज वापरणारं कुणी नाही. पण तिचा मूळ प्रश्न आम्ही उचललाय: या पडद्यावर काय घडलं की कुठल्या पडद्यावर जायचं, आणि जाताना सोबत काय न्यायचं? माझं मत असं, की ज्या गोष्टीवर दोन माणसांचं भांडण होऊ शकतं तिचीच आकृती काढावी. लॉगिनच्या पानाला आकृती लागत नाही. पट्टीला लागते.

गेल्या हंगामात त्या कागदाची एक प्रत दुकानात लावली. दिवाणजींनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिली. मग खिशातली पेन्सिल काढली आणि ‘सौदा ठरला’ या चौकोनातून निघून वळून पुन्हा त्याच चौकोनात शिरणारा एक बाण काढला.

“हे राहिलंय तुमचं,” ते म्हणाले. “काट्यावर पोतं फोडल्यावर आत ओल निघते कधी कधी. सौदा मोडत नाहीत लगेच. शेतकऱ्याला बोलावतात, दोघं बोलतात, भाव पन्नास-शंभरने खाली येतो. सौदा तोच, भाव दुसरा.”

आमच्या तीस वाटांमध्ये हा बाण येऊच शकत नव्हता, कारण आम्ही मोजतानाच एका चौकोनातून त्याच चौकोनात येणं सोडून दिलं होतं. तीसच्या छत्तीस झाल्या. जुना भाव पुसायचा की खाली ठेवायचा, आणि शेतकऱ्याची संमती कशी नोंदवायची, यावर त्या संध्याकाळी चहा तीनदा झाला.